तीन फुटी टाकीला गॅस: डिसेंबर ते जूनच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४

आजपासून वहीत तारखेनिशी लिहायचं ठरवलं. माशांची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. माती, वाळू, दगड वजा जाता पाणी ११० लिटर. मासे: १२ हार्लेक्विन रास्बोरा, ५ ओटो (शेवाळ खाणारे छोटे मासे), वीसेक चेरी झिंगे. वनस्पती: रोटाला, लुडविजिया, क्रिप्टोकोरिन, मागच्या कोपऱ्यात व्हॅलिस्नेरिया.

व्हॅलिस्नेरिया जोमात आहे. रोटाला चार महिन्यांत चार बोटं वाढली, खालची पानं गळाली आणि शेंड्यावर हिरवं धाग्यासारखं शेवाळ बसलं. उजेड कमी पडतो असं धरून मी सप्टेंबरात ३६ वॉटचा एलईडी लावला आणि दहा तास चालू ठेवला. शेवाळ दुप्पट झालं, रोटाला होती तिथेच.

मागच्या आठवड्यात सायखेड्याच्या पुलावरून जाताना खाली गोदावरीत पाणवेली पसरलेली पाहिली आणि विचार तिथून सुरू झाला. पाणवेलीची मुळं पाण्यात असली तरी पानं हवेत असतात. पाण्यातून खत घ्यायचं, हवेतून कार्बन डायऑक्साइड घ्यायचा. तिला अडवणारं काहीच नाही. माझी रोटाला पूर्ण बुडालेली आहे. नुसत्या हवेच्या संपर्कातल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास हा वायू विरघळून राहतो. शिवाय पाण्यातून तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पानाला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरातला गॅस संपला की नवा तिथे पोचायला वेळ लागतो. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतात, म्हणून त्या कोपऱ्यात सगळं ठीक आहे. रोटालाला ते जमत नाही.

म्हणजे मी उपाशी झाडाला आणखी कामाला लावत होते. उजेड वाढवला की भूक वाढते, जेवण वाढत नाही. उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसलं गेलं.

आज एलईडी दहा तासांवरून सहा तासांवर आणला.

३ डिसेंबर

नाशिकच्या अंबडला कारखान्यात मी क्वालिटीत आहे. मोजल्याशिवाय काही सुरू करायचं नाही ही सवय तिथली. पीएच मीटर आणला, ६.८६ आणि ४.०० च्या बफरने लावून घेतला. केएचचं (पाण्यात बायकार्बोनेट किती आहे त्याचं माप) थेंबांचं किट आणलं; रंग निळ्याचा पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक अंश.

नळाचं पाणी (गंगापूर धरणाचं, पालिकेचं): केएच ५.
सोसायटीच्या बोअरचं पाणी: केएच १८. आपल्याकडचा सगळा काळा पाषाण, बोअरचं पाणी जड असणारच.
टाकी: केएच ५. दिवे लागायच्या आधी पीएच ७.६, दिवे बंद होताना ८.१.

केएच आणि पीएच माहीत असले की विरघळलेला गॅस, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, काढता येतो: ३ गुणिले केएच, गुणिले दहाचा (७ वजा पीएच) हा घात. म्हणजे माझ्या टाकीत सकाळी जवळपास ४ मिलिग्रॅम आणि संध्याकाळी एक-सव्वा. रात्रभर मासे आणि जिवाणू श्वासातून जेवढा सोडतात तेवढा झाडं दिवसात संपवतात. हा आकडा बघून मला खरंच वाईट वाटलं. शौकीन लोक २० ते ३० मिलिग्रॅमचं लक्ष्य धरतात. केएच ५ ला ३० मिलिग्रॅम म्हणजे पीएच ६.७.

८ डिसेंबर

पहिला प्रयोग यीस्टचा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, २०० ग्रॅम साखर, लिटरभर कोमट पाणी, पाव चमचा ड्राय यीस्ट, चिमूटभर खाण्याचा सोडा. झाकणाला भोक पाडून एअरलाइनची नळी, पुढे दुसरी लहान बाटली अर्धी पाण्याने भरलेली, म्हणजे फेस आला तर तिथेच अडकेल, मग गॅसचे बारीक बुडबुडे करणारा सिरॅमिक डिफ्यूझर. आपल्या वायनरींमधल्या टाक्यांत द्राक्षरसाचं जे होतं तेच या बाटलीत: साखर मोडून निम्म्या वजनाचा अल्कोहोल, निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड. २०० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त १०० ग्रॅम गॅस.

बाटली कोल्ड्रिंकचीच घ्यायची. ती दाब सहन करायला बनवलेली असते, साध्या पाण्याची तशी नसते. काचेची तर कधीच नाही.

१५ डिसेंबर

पहिले तीन दिवस तीन सेकंदाला एक बुडबुडा. मग नाशिकची थंडी आली. पहाटे हॉलमध्ये १६ अंश, आणि बुडबुडे मिनिटाला दोन. आईने विरजण ठेवतात तशी बाटली जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली. दुपारपर्यंत पुन्हा सुरू. डब्यातून नळी टाकीपर्यंत जात नाही, म्हणून आता शालीतली बाटली टाकीच्या दिव्याच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी.

२२ डिसेंबर

यीस्ट बंद करतेय. दोन आठवड्यांचे पीएच एका खाली एक लिहून काढले: दिवे लागताना ७.३, ७.०, ७.४, ७.६, ७.१, ७.५. एकही दिवस दुसऱ्यासारखा नाही. बाटली ताजी असली की भरपूर, जुनी झाली की काहीच नाही, थंडी पडली की त्याहून कमी. वर रात्रीही गॅस चालूच. तेव्हा झाडं तो घेत नाहीत आणि माशांना उगाच सोसावा लागतो. डिफ्यूझरवर पांढरा बुळबुळीत थर आला आहे. बाटलीतून येणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर जिवाणू पोसतात.

सगळ्यात महत्त्वाची नोंद: क्रिप्टोच्या जुन्या पानांच्या कडांवर काळं, ब्रशच्या केसांसारखं शेवाळ आलं आहे. टाकीत ते याआधी कधीच नव्हतं. गॅस कमी-जास्त होत राहिला की हे येतं असं अनुभवी लोक सांगतात आणि माझी तारीखवार वही तेच दाखवते. गॅस नव्हता तेव्हा झाडं मंद होती पण स्थिर होती. आज आहे, उद्या नाही हे त्यांना जास्त जड गेलं.

५ जानेवारी २०२५

रविवार कारंजाच्या बाजारातून लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा आणला. दुकानदाराला दोनदा सांगून खात्री केली की खाण्याचाच सोडा, धुण्याचा नाही. दोन बाटल्यांचं किट: एका बाटलीत २०० ग्रॅम लिंबूसत्त्व ६०० मिली पाण्यात, दुसरीत २०० ग्रॅम सोडा आणि थोडं पाणी. दोन्हींना जोडणारी नळी, दाबाचा काटा, आणि बारीक फिरवता येणारा नीडल व्हॉल्व्ह. सोड्याच्या बाटलीत दाब कमी झाला की आम्ल आपोआप ओढलं जातं, थोडा गॅस तयार होतो, दाब समान झाला की थांबतं. २०० ग्रॅम सोड्यातून हिशेबाने १०५ ग्रॅम गॅस निघतो, आणि थंडीचा काही परिणाम नाही.

नळीत चेक व्हॉल्व्ह बसवला आहे. तो नसला आणि बाटलीतला दाब उतरला तर टाकीचं पाणी उलटं बाटलीत येतं.

२६ जानेवारी

तीन आठवडे. बुडबुडे दीड सेकंदाला एक, एकसारखे. रोटालाचे नवे शेंडे आधीच्या पानांपेक्षा रुंद आणि गुलाबी. आठवड्याला चार सेंटिमीटर वाढ. आधी महिन्याला तेवढी नव्हती. लुडविजियाची खालची पानं अजून गळतायत, पण ती नर्सरीत हवेवर वाढलेली जुनी पानं आहेत, ती जाणारच. नवं पान कसं येतं ते बघायचं.

गैरसोय एकच: हाताने चालू, हाताने बंद. कामावरून यायला उशीर झाला की गॅस उशिरा. या तीन आठवड्यांत चार दिवस वेळ चुकली. एक भरण १८ दिवस पुरलं.

काळं शेवाळ आहे तेवढंच आहे, वाढलं नाही.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस सातपूरला, धाकट्या भावाच्या फॅब्रिकेशनच्या शेडवर. त्याच्याकडे सीओटू (म्हणजे हाच कार्बन डायऑक्साइड) वेल्डिंगचा मोठा सिलिंडर असतो. मी विचारलं, यातूनच एखादा छोटा भरून मिळेल का. तो म्हणाला, "ताई, असं या सिलिंडरातून त्या सिलिंडरात कुणी करून देतो म्हणाला तरी करायचं नाही. भरणाऱ्याकडूनच भरून आणायचा. आणि खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते ती आधी वाचायची."

मी आग विझवायचा जुना सिलिंडर वापरायचा विचार करत होते. त्याने तोही रद्द केला. त्याच्या आत तळापर्यंत नळी गेलेली असते, त्यामुळे उभा ठेवला तरी व्हॉल्व्हमधून द्रवच बाहेर येतो. आग विझवायला तेच हवं असतं. रेग्युलेटरमध्ये द्रव शिरला तर रेग्युलेटर गेला. याच कारणाने साधा सिलिंडरही वापरताना कायम उभा ठेवायचा, आडवा नाही.

घेतला: दोन किलो गॅसचा पोलादी सिलिंडर, दोन काट्यांचा रेग्युलेटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, नीडल व्हॉल्व्ह, बबल काउंटर. सोलेनॉइड टायमरवर. वीज असेल तर उघडा, गेली की आपोआप बंद. नाशिकमध्ये हा फायदा लहान नाही.

आईला घरात सिलिंडर नको होता. तिच्या भीतीत तथ्य आहे म्हणून बसून हिशेब केला. दोन किलो गॅस सगळाच्या सगळा सुटला तर नाशिकच्या उंचीवर तो साधारण १.२ घनमीटर होतो. आमची बेडरूम दहा बाय बाराची, ३४ घनमीटर. बंद खोलीत तो साडेतीन टक्के भरेल. डोकं चढेल, धाप लागेल. हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि आपण झोपतो खाली. म्हणून सिलिंडर बेडरूममध्ये कदापि नाही. हॉलमध्ये, बाल्कनीच्या दाराशेजारी, भिंतीला पट्ट्याने बांधून, ऊन येणार नाही अशा बाजूला. टाकीही सरकवून तिकडे घेतली. आई आता समाधानी आहे.

रेग्युलेटरसकट वजन ७.९० किलो. गॅस संपल्यावर ५.९० व्हायला हवं.

१६ फेब्रुवारी

वजन ७.५८. एका आठवड्यात ३२० ग्रॅम गेले! टाकीत जे बुडबुडे जातात त्यांचे पन्नासेक ग्रॅम व्हायला हवेत.

बरं झालं वजनाचं ठरवलं होतं. दाबाच्या काट्यावरून हे कळलंच नसतं. सिलिंडरात द्रव शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. २० अंशाला ५७ बार, मग आत दोन किलो असो की एक. काटा खाली यायला लागतो तेव्हा द्रव संपलेला असतो.

भाऊ आला, भांड्याच्या साबणाचा फेस केला, ब्रशने प्रत्येक जोडाला लावला. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडाला बारीक फेस फुगत होता. मी तिथे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. या जोडात गॅस आटे अडवत नाहीत, मधला वॉशर अडवतो. टेपमुळे नट पूर्ण बसलाच नव्हता. टेप काढली, नवा नायलॉन वॉशर, पान्याने आवळलं. फेस शांत.

२ मार्च

वजन ७.४८. आठवड्याला ५० ग्रॅम. गळती नाही.

आता वेळापत्रक बसलं. दिवे दुपारी ३ ते रात्री ९. गॅस दीड वाजता चालू, आठला बंद. दिवे लागायच्या दीड तास आधी सुरू करायचं कारण, झाडं उजेडाच्या पहिल्या तासांत सगळ्यात जास्त गॅस मागतात; तेव्हा तो पाण्यात आधीच हजर हवा. आठला बंद केला तरी शेवटचा तास पाण्यातल्या साठ्यावर निघतो.

पंधरा दिवस साडेतीन वाजताचा पीएच: ६.८, ६.८, ६.९, ६.८, ६.८. डिसेंबरातल्या रांगेशेजारी ही रांग ठेवून पाहिली आणि फार आनंद झाला. केएच ५ ला ६.८ म्हणजे २४ मिलिग्रॅम. बुडबुडे सेकंदाला दोन.

ड्रॉप चेकरही लावला. काचेचा छोटा बल्ब, त्यात बरोबर ४ अंश केएचचं द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू. टाकीचं पाणी त्याला शिवत नाही, मधल्या हवेतून फक्त गॅस जातो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ३० च्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला तास-दोन तास घेतो. मीटर हाताशी असताना याची काय गरज, असं वाटलं होतं. तरी लावून ठेवला.

फिल्टरच्या तोंडाची दिशा बदलून पाण्याचा पृष्ठभाग हलका हलता ठेवला. थोडा गॅस उडून जातो, जाऊ दे. गॅस वाढला की ऑक्सिजन घटतो हा समज चुकीचा आहे. दोन्ही आपापल्या हिशेबाने विरघळतात आणि दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात. पृष्ठभाग हलता असला की माशांना ऑक्सिजनची हमी राहते.

१६ मार्च

गॅस मिळाल्यावर झाडांची खताची मागणी वाढली. रोटालाची जुनी पानं पिवळी, क्रिप्टोच्या पानांना टाचणीएवढी भोकं. नायट्रेटची चाचणी जवळपास शून्य.

दिंडोरीला मामांकडे गेले. द्राक्षं काढणीला आली होती, घरात सगळी धावपळ. तरी मामा कोठीत घेऊन गेले. तिथे माझं सगळं सामान पोत्यांत पडलेलं होतं. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. शून्य-शून्य-पन्नास म्हणजे पोटॅशियम सल्फेट. पूर्ण विरघळणारी, ठिबकसाठी बनवलेली. टाकीसाठी म्हणून बाटलीतून विकतात त्या खतांत यापेक्षा वेगळं फारसं काही नसतं.

"अगं, घडाला देतो तेच तुझ्या टाकीतल्या गवताला?" मामा म्हणाले आणि तिन्हीचं अर्धा-अर्धा किलो बांधून दिलं. मी आठवड्याचं एकदम घालायचं म्हणत होते. त्यांनी मान हलवली. "आमचं ठिबकमधून रोज थोडं थोडं जातं. तसंच दे."

हिशेब: १ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट ११० लिटरमध्ये लिटरमागे साडेपाच मिलिग्रॅम नायट्रेट वाढवतं. आठवड्याला ३ ग्रॅम, सहा दिवसांत वाटून. फॉस्फेट आठवड्याला अर्धा ग्रॅमच. रविवारी निम्मं पाणी बदलायचं, म्हणजे जास्तीचं साठत नाही.

मामांचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं फवारणीचं पाकीट मात्र परत ठेवलं. त्यात तांबं असतं. द्राक्षाला चालतं, झिंग्यांना ते विष. लोह वेगळं घेतलं, डीटीपीएवालं (डीटीपीए, ईडीटीए ही लोहाला पाण्यात विरघळलेलं ठेवणारी संयुगं). ईडीटीएचं लोह पीएच साडेसहाच्या वर फार टिकत नाही.

३० मार्च

पाडवा. साडेपाचच्या सुमारास रोटालाच्या प्रत्येक पानाखाली चांदीचे मणी. पाण्यात आणखी ऑक्सिजन मावेना की पानातून निघणारा असा बुडबुड्यांनी दिसतो. घरातले सगळे टाकीसमोर बसले होते. आईने गुढीचा प्रसाद आधी तिथे आणून दिला.

१३ एप्रिल

बाहेर ३९. टाकीत ३०.५. वजन ७.१८.

सिलिंडरचा काटा दुपारी ८० बारच्या आसपास गेला आणि मी घाबरून भावाला फोन लावला. तो म्हणाला, वेल्डिंगच्या सिलिंडरवर दर उन्हाळ्यात हेच दिसतं, ऊन लागू देऊ नको एवढंच. नंतर नीट वाचून काढलं: ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइडमध्ये द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही, कितीही दाबला तरी. नाशिकच्या एप्रिलमधली दुपार ती रेषा रोज ओलांडते. म्हणून उन्हाळ्यात तर काट्याकडे बघायचंच नाही, वजनच खरं.

पाणी तापलं की ऑक्सिजन कमी मावतो आणि माशांना मात्र जास्त लागतो. टाकीवर छोटा टेबलफॅन तिरपा लावला. आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं. दोन तासांत २८ अंश. रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं. त्याच्या जागी आरओचं पाणी घालते, कारण उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. नळाचं घालत राहिलं तर केएच चढत जाईल.

२७ एप्रिल

रात्री साडेअकरा. हात अजून ओले आहेत. सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी नेहमीसारखं ५५ लिटर पाणी बदललं. दीडला गॅस सुरू. साडेतीनला मीटर ७.१. रोज ६.८ असतो. वाटलं डिफ्यूझर चोंदला. धुतला, चारला पाहिलं, अजून ७.०५. नीडल व्हॉल्व्ह उघडत सेकंदाला तीन बुडबुड्यांवर नेला. सहाला ६.८. समाधानाने बाजारात गेले.

साडेसातला परत आले तेव्हा बाराच्या बारा रास्बोरा पृष्ठभागाला तोंड लावून होत्या. झिंगे फिल्टरच्या नळीवर चढून बसलेले. दोन ओटो वाळूवर आडवे. मीटर ६.७५. ड्रॉप चेकर लिंबासारखा पिवळा.

गॅस बंद. एअर पंप लावून हवेच्या बुडबुड्यांचे दोन दगड टाकले, फिल्टरचं तोंड वर करून पाणी वरून पाडलं. दिवे चालूच ठेवले, झाडं गॅस ओढतील तेवढा ओढू देत. आधी बादलीत भरून ठेवलेलं आरओचं पाणी होतं, ते घातलं. वीस मिनिटांत रास्बोरा खाली उतरल्या. नऊपर्यंत झिंगेही. ते दोन ओटो गेले.

मग केएच मोजला. थेंब मोजत होते आणि पाचव्या थेंबाला रंग बदलला नाही. सहा, सात, आठ. आरओचं पाणी घालूनही आठ. नळाखाली ग्लास धरून मोजला: बारा.

खाली वॉचमनकाकांना विचारलं. सोसायटीच्या टाकीत पाणी कमी पडतंय म्हणून शुक्रवारपासून बोअर जोडलं आहे, म्हणाले.

म्हणजे सकाळच्या पाणीबदलाने माझ्या टाकीचा केएच ५ वरून साडेआठवर गेला होता. साडेआठला ७.१ म्हणजे २० मिलिग्रॅम, थोडा वेळ थांबले असते तर ७.० ला २५. सगळं नेमकं रोजच्यासारखं होतं. मी ६.८ आणण्याच्या हट्टात तो ४० वर नेला, ६.७५ ला ४५ वर, तेही ३० अंशांच्या पाण्यात. पाण्यातच गॅस एवढा असला की माशाच्या रक्तातला बाहेर पडत नाही, आणि तो साठला की रक्त ऑक्सिजन नीट धरत नाही. ऑक्सिजन पाण्यात होता, त्यांना वापरता येत नव्हता.

मीटर शंभर टक्के बरोबर होता. कारखान्यात मी रोज मुलांना सांगते की गेजआधी मास्टर, म्हणजे गेज ज्यावरून लावतात तो नमुना, तपासा. ६.८ हा आकडा केएच ५ च्या जोरावर उभा होता आणि तो मी ३ डिसेंबरनंतर एकदाही तपासला नाही. ड्रॉप चेकरचं द्रावण स्वतःचं, ४ अंशांचं, टाकीत कुठलंही पाणी येवो; सहा वाजता तो पिवळटत चालला होता. मी पाहिलं होतं, द्रावण जुनं झालं असेल म्हणून सोडून दिलं.

२८ एप्रिल

दहा रास्बोरा नीट पोहतायत, दोन कोपऱ्यात. आज गॅस नाही. एक दिवस बंद ठेवल्याने झाडांचं काही बिघडत नाही.

४ मे

बाराही रास्बोरा खातायत. गॅस १ तारखेपासून सेकंदाला दीड बुडबुड्यावर.

नवे नियम, बादलीवर मार्करने लिहून ठेवले. पाणी बदलायच्या आधी नळाचा केएच मोजायचा, प्रत्येक वेळी. सहाच्या वर असेल तर आरओचं पाणी मिसळायचं: आज बारा निघाला, म्हणून १७ लिटर नळाचं, २३ लिटर आरओचं, केएच पाच. ४० लिटरच बदलायचं, निम्मी टाकी नाही. आणि नीडल व्हॉल्व्ह फिरवायचा तो फक्त सुट्टीच्या दिवशी, फिरवल्यावर तीन तास घराबाहेर पडायचं नाही.

ड्रॉप चेकरचं द्रावण महिन्याच्या १ तारखेला बदलायचं, म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायला जागा राहणार नाही.

सोसायटीच्या सूचनाफलकावर बोअर जोडल्याची तारीख लिहायला काकांनी कबूल केलं. शेजारच्या इमारतीतले एक आजोबा गोल्डफिश पाळतात, त्यांनाही सांगून आले.

१८ मे

उन्हाळ्यात लक्ष्य २० मिलिग्रॅमच धरलं आहे. वाढ थोडी मंद, मासे निवांत. मला हे जास्त आवडतं. दिवेही साडेपाच तासांवर आणले, उजेड आणि गॅस एकमेकांच्या मापात राहिले पाहिजेत.

क्रिप्टोची काळ्या शेवाळाची पानं एकेक करून देठापासून कापली. नव्या पानांवर ते आलेलं नाही.

८ जून

पाऊस. फॅन बंद, पाणी २६.५. बोअर काढलं म्हणून काकांनी फलकावर तारीख लिहिली होती. तरी मोजला: नळाचा केएच ६.

२२ जून

रोटाला पृष्ठभागावर आडवी पसरली होती, खालच्या क्रिप्टोला अंधार. निम्म्यावर कापली; शेंडे पुन्हा वाळूत रोवले, उरलेली जुडी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून भावाच्या मुलीसाठी ठेवली. तिने खिडकीत छोटी टाकी मांडली आहे, गॅसशिवाय. तिला व्हॅलिस्नेरियाची चार रोपंही देतेय, आणि केएचच्या किटमधली एक बाटली.

झिंग्यांची पिल्लं दिसली, तांदळाच्या कणीएवढी, सात मोजली.

टाकीचा केएच ५. साडेतीनचा पीएच ६.८. ड्रॉप चेकर हिरवा. सिलिंडर ६.६८ किलो, म्हणजे ७८० ग्रॅम शिल्लक. याच गतीने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरेल. दिवाळीच्या गर्दीआधी भरून आणायचा.